खोबण मशीनवर, कुसू हातावर : कुपवाड-मिरजेच्या राऊटर जॉबवर्कची पारख

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी राऊटरवर (संगणकातल्या फाइलप्रमाणे लाकूड कापणारं मशीन) जॉबवर्क, म्हणजे बाहेरची कामं, करून देणारी दुकानं आता शोधावी लागत नाहीत. एमडीएफची जाळी, देव्हाऱ्याची कमान, सागवानी दरवाज्यावरचा गणपती, दुकानांच्या पाट्या हा त्यांचा रोजचा धंदा. खिळा-स्क्रू न लावता कुसू-खोबणीवर (पट्टीच्या टोकाची जीभ म्हणजे कुसू, ती जिच्यात बसते ती खाच म्हणजे खोबण) उभं राहणारं भरीव लाकडाचं काम याच मशीनवर कितपत निभतं, एवढंच इथं पाहिलं आहे. एका दुकानाचं नाव घेतलेलं नाही, कारण मशीनं, सॉफ्टवेअर आणि सवयी जवळपास सारख्याच आहेत. फरक पडतो तो मशीनपाशी उभ्या माणसानं आणि तुम्ही सोबत काय घेऊन जाता त्यानं.

गुण द्यायचे तर खोबणीला दहापैकी नऊ, कुसवाला चार, आणि एमडीएफच्या साच्याला पैकीच्या पैकी.

पारखायला नमुना धरला आहे तो सागवानी बाकड्याचा: 1200 लांब, 350 रुंद, 450 मिलिमीटर उंच. पाय 60 बाय 60 चे, पट्ट्या 75 बाय 28 च्या. वर दोन लांब आणि दोन आखूड पट्ट्या, खाली दोन आखूड पट्ट्या आणि त्यांना जोडणारी मधली एक लांब पट्टी. एकूण 14 सांधे. त्यातले 12 पायांत, बंद खोबणीचे. उरलेले दोन आरपार, पाचर ठोकून आवळायचे.

आधी आराखडा, कारण निम्म्या चुका तिथंच होतात. कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश हा जुना नियम. 28 ला 10 मिमी ठीक बसते. पण पट्टी पायाच्या बरोबर मधोमध आणली, तर लांब आणि आखूड पट्टीच्या खोबणी आतल्या तोंडापासून 25 मिमीवर एकमेकींत घुसतात आणि कुसू तोकडं करावं लागतं. म्हणून पट्टी पायाच्या बाहेरच्या अंगाला सरकवायची, बाहेरच्या तोंडापासून फक्त 4 मिमी आत. मग दुसरी खोबण आतल्या तोंडापासून 37 मिमीवर सुरू होते. 34 मिमी खोल खोबण आणि 32 मिमी लांब कुसू निर्धास्त बसतं. उरलेले 2 मिमी सरसासाठी. हे कागदावर लक्षात यायला वेळ लागतो. फ्यूजन किंवा फ्रीकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पाय पारदर्शक केला की पाच मिनिटांत दिसतं. दोन्हींत मापांना नावं देता येतात. ‘फट’ (कुसू आणि खोबण यांतली मोकळीक) नावाचं एक माप करून ते सगळ्या खोबणींना लावून ठेवा. पहिली चाचणी घट्ट आली तर एकच आकडा बदलायचा, चौदा सांधे आपोआप बदलतात. या सगळ्या डिजिटल प्रकारात सुताराला खरा उपयोग याचाच आहे. बाकीचा भाग चित्र फिरवून गिऱ्हाइकाला दाखवायचा.

आता खोबण. मशीनवाला सवयीनं 6 मिमीचं बिट (फिरून कापणारं पातं) लावतो, कारण जाळी त्यानंच कापली जाते. 34 मिमी खोलीला ते बिट चकच्या (बिट पकडणाऱ्या भागाच्या) बाहेर लांब काढावं लागतं आणि मग ते वाकतं. खोबण वर 10 मिमी आणि तळाशी त्याहून अरुंद होते. कुसू अर्धं सहज जातं आणि मग अडतं. 8 मिमीचं बिट मागा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे 6 च्या मानानं 8 मिमीचं बिट तिपटीहून थोडं जास्त ताठ. एका फेरीत 3 मिमी उतरू द्या, भिंतीला पाव मिलिमीटर शिल्लक ठेवा आणि शेवटची एक फेरी पूर्ण खोलीवर घ्यायला सांगा. भिंत सरळ येते.

वेगावर वाद होतो. मिनिटाला 18000 फेरे, बिटाला दोन धारा आणि दर धारेला 0.1 मिमी भुसा धरला तर मिनिटाला 3600 मिमी सरक, म्हणजे बिट पुढं जाण्याचा वेग, हवी. खोल खाचेत 2400 ते 3000 चालेल. नक्षीकामाच्या सवयीनं ती 1000 वर ठेवली जाते. तेव्हा दर धारेला 0.03 मिमीसुद्धा लाकूड येत नाही, बिट कापण्याऐवजी घासतं, सागवान काळं पडतं आणि धार मरते. सागवानात सिलिका असते, ती धार आधीच लवकर खाते. ‘हळू चालवलं म्हणजे सफाई येते’ हे रंध्याला खरं असेल, राऊटरला नाही. भुसा पिठासारखा पडत असेल तर सरक वाढवायला सांगा. छोट्या कपच्या पडायला हव्यात.

बिटाचा प्रकारही विचारा. भुसा खाली दाबणारं डाऊनकट बिट वरची कड स्वच्छ ठेवतं, पण खोल खोबणीत भुसा ठासून बसतो आणि तापतो. खोबणीची वरची कड पट्टीच्या खांद्याखाली (कुसवाभोवतीच्या पायरीखाली) झाकलीच जाणार आहे, तेव्हा भुसा वर फेकणारं अपकट घ्या आणि कड थोडी पिसारली तरी सोडून द्या.

यानंतर सगळ्यात जास्त काम बिघडवणारी गोष्ट: धार लावून आणलेलं बिट. 8 चं बिट एकदा घासलं की 7.8 चं होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र 8 च लिहिलेलं असतं. मशीन रेषेपासून 4 मिमी आत चालतं, बिट कापतं 3.9. प्रत्येक बाजूला 0.1 मिमी लाकूड उरतं आणि खोबण 0.2 नं अरुंद येते. कुसूही त्याच बिटानं कापलं तर ते 0.2 नं जाड येतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, एकूण 0.4 मिमी. सरसाच्या सांध्याला एकूण फट 0.1 ते 0.2 मिमी पुरते, म्हणजे सांधा बसायचं नावच नको. मग मोगरी (लाकडी हातोडा) चालते आणि पाय उभा चिरतो. व्हर्नियर खिशात ठेवा. पण नुसतं बिट मोजून भागत नाही, कारण चक थोडा डगमगत असेल तर बिट आपल्या जाडीपेक्षा रुंद कापतं. त्याच लाकडाच्या तुकड्यात एक सरळ खाच मारायला लावा आणि खाचेची रुंदी मोजा. तोच बिटाचा खरा व्यास, तोच सॉफ्टवेअरमध्ये भरायचा.

त्याच तुकड्यात 9.9, 10, 10.1 आणि 10.2 अशा चार खोबणी करून घ्या आणि हातानं केलेलं एक कुसू चारांत घालून बघा. हाताच्या दाबानं जाऊन शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला मोगरीचा हलका ठोका मागतं, ते माप तुमचं. मशीनवर पाच मिनिटं जातात. कुणी नको म्हटलं तर तिथं काम देऊ नका.

राऊटरच्या खोबणीचे कोपरे गोल येतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर इंटरनेटचा लाडका उपाय म्हणजे डॉगबोन: कोपऱ्यात बिट थोडं पुढं घुसवून चौकोनी कुसवाला जागा करणं. 8 च्या बिटानं हे भोक भिंतीच्या बाहेर जेमतेम 1.2 मिमी जातं. बंद खोबणीत खांदा ते झाकतो, तेव्हा हरकत नाही. आरपार खोबणीत मात्र कुसवाच्या चारी कोपऱ्यांना उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. तिथं कोपरे पटाशीनंच काढावेत. आपल्याकडं पटाश्या सुतात मिळतात. 3 सूत म्हणजे 9.5 मिमी, 10 मिमीच्या खोबणीत ती नेमकी उतरते. तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यात बरा वाटतो: खोबण गोलच राहू द्या आणि कुसवाच्या कडा कानशीनं गोल करा. ताकद कुसवाच्या सपाट गालांवरच्या सरसात असते, कोपऱ्यांत नसते.

मशीनची खरी अडचण पट्टीच्या टोकाला आहे. ही तीन अक्षांची मशीनं वरून खाली कापतात. कुसू पट्टीच्या टोकाला असतं आणि 900 मिमीची पट्टी गॅन्ट्रीखाली (बिट वाहून नेणाऱ्या वरच्या चौकटीखाली) उभी राहत नाही. काही दुकानांत बेडच्या (मशीनच्या टेबलाच्या) पुढच्या कडेला उभा क्लॅम्प लावतात, पट्टी खाली लोंबते आणि टोक वर येतं. तशी सोय असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर पट्टी आडवी ठेवून एका बाजूनं 9 मिमी काढायचं, पालथी करायची, दुसऱ्या बाजूनं 9 काढायचं. इथं गणित बघा. शून्य, म्हणजे मशीन जिथून उंची मोजतं ती जागा, लाकडाच्या माथ्यावर घेतला तर कुसवाची जाडी = पट्टीची जाडी वजा 18. पट्टी 27.6 असेल तर कुसू 9.6, 28.3 असेल तर 10.3. शून्य बेडवर घेऊन दोन्हीकडून 19 मिमी उंचीवर कापलं तर जाडी = 38 वजा पट्टीची जाडी, म्हणजे 10.4 आणि 9.7. शून्य कुठंही घ्या, पट्टीच्या जाडीतला सगळा फरक जसाच्या तसा कुसवात उतरतो. सॉ मिलमधून आलेल्या पट्ट्यांत अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक ही रोजची बाब आहे.

उपाय दोनच. एक, सगळ्या पट्ट्या थिकनेसरच्या (लाकूड एकसारख्या जाडीचं करणाऱ्या मशीनच्या) एकाच सेटिंगमधून, एकापाठोपाठ, एका बैठकीत काढायच्या आणि प्रत्येक टोक मोजायचं. दोन, कुसू मशीनवर करायचंच नाही. खोबण मशीनवर झाली की बारा खोबणी अगदी सारख्या येतात; मग मिस्त्री एक खोबण प्रमाण धरून टेबल-सॉवर किंवा करवतीनं कुसू थोडं जाड ठेवून कापतो आणि रंध्याच्या एक-दोन हातांत बसवतो. बारा ठिकाणी खोबण खोदण्याचं कंटाळवाणं काम मशीननं केलं, बसवण्याचं काम हातानं केलं. उलटं करायला गेलं की बारा कुसवं आणि बारा खोबणी दोन्हीकडून हलतात, आणि कुणाला दोष द्यायचा हेही कळत नाही.

पायांच्या बाबतीत एक ठरलेली फसगत आहे. चारही पाय एका फाइलवर कापले जातात आणि चारही ‘डावे’ निघतात. खालच्या पट्ट्या फक्त आखूड बाजूला असल्यानं समोरासमोरचे पाय आरशातल्या प्रतिमेसारखे हवेत, दोन डावे, दोन उजवे. फाइल दोन द्या. पायाच्या बाहेरच्या दोन तोंडांवर पेन्सिलीनं खूण करा आणि मशीनवर लाकूड टेकवायच्या पट्टीला कायम तीच तोंडं टेकवायला सांगा. मग पाय 59.5 चा असो की 60.2 चा, खोबण बाहेरच्या कडेपासून बरोबर अंतरावर येते आणि फरक आत, दिसणार नाही तिथं, पडतो.

फाइल देताना डीएक्सएफमध्ये (आराखड्याच्या रेषा साठवायचा फाइलप्रकार) बंद रेषा, मिलिमीटर, आणि प्रत्येक खोलीचा वेगळा लेयर, नावात खोलीच लिहून: खोबण_34, आरपार_28. डीएक्सएफ वाचताना एकक चुकलं तर सगळं 25.4 पट होतं. चूक इतकी मोठी असते की लगेच दिसते. त्रास देते ती छोटी, कुणीतरी ‘जरा बसवून’ घेतलेली स्केल. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात 100 बाय 100 चा एक चौकोन काढून ठेवा, मशीनवाल्यासमोर तो मोजा. हाच चौकोन एकदा एमडीएफवर कापून दोन्ही अंगांनी मोजला, तर मशीनच्या एक्स आणि वाय अक्षांतला फरकही कळतो. बऱ्याच ठिकाणी अजून आर्टकॅम हे सॉफ्टवेअर चालतं. ऑटोडेस्क कंपनीनं ते 2018 साली बंद केलं. नक्षीला ते छान आहे, पण त्यात ‘फट’सारखं माप बदलून सगळा सांधा हलवता येत नाही. बदल तुमच्या फाइलमध्ये करून पुन्हा द्यावा लागतो, तेव्हा लॅपटॉप सोबत न्या.

जपानी पद्धतीचे एकमेकांत गुंतणारे सांधे करून बघायची हौस असेल, तर टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली मांडलेलं त्सुगिते नावाचं सॉफ्टवेअर पाहा. तीन अक्षांच्या मशीनवर कापता येईल असाच सांधा ते सुचवतं, तंतूंची दिशा चुकली तर सांगतं आणि कोपऱ्यांची गोलाईही धरतं. बाकड्याला त्याची गरज नाही, पण सांधा कुठं तुटेल हे शिकायला उत्तम.

प्लायवूडचे खाचेत बसणारे फळ्यांचे प्रकार ही मशीनं झोपेतही करतील. एकच लक्षात ठेवा, ‘18 मिमी’ म्हणून आलेला प्लाय सहसा 17 पूर्णांक काहीतरी भरतो आणि एकाच गाडीतल्या दोन फळ्या सारख्या नसतात. खाच आकड्यावरून नको, फळी मोजून.

एमडीएफच्या साच्यांना पैकीच्या पैकी दिले त्याचं कारण असं. ज्याच्याकडं हातातला राऊटर आहे, त्यानं सागवान वसाहतीत वाहून न्यायचीच गरज नाही. 12 मिमी एमडीएफमध्ये खोबणीचा साचा कापून आणा. साच्याचं भोक खोबणीपेक्षा मोठं हवं: हातराऊटरच्या तळाला लावायच्या गाइड बुशचा (साच्याच्या कडेला घासत चालणाऱ्या कड्याचा) बाहेरचा व्यास 16 आणि बिट 8 असेल, तर प्रत्येक बाजूला 4 मिमी जास्त. 10 बाय 55 च्या खोबणीला साचा 18 बाय 63. त्याच साच्यात पायाच्या कडेला टेकणारी पट्टी चिकटवायची जागा आणि मध्यरेषेची बारीक खाच मशीनवरच मारून घ्या. चार पाय, डावे-उजवे दोन साचे, आणि काम आपल्या आपल्या वर्कशॉपमध्ये. एमडीएफ सपाट असतं, जाडीला एकसारखं असतं, ओल धरण्याआधी वापरलं की मापाला पक्कं असतं. मशीनवाल्याच्या सवयीचं मटेरियल असल्यानं त्याचीही चूक होत नाही. पुढच्या बाकड्याला साचा पुन्हा चालतो.

बिलाचा मुद्दा आधी बोलून घ्या. जाळीचा दर चौरस फुटावर असतो. खोबणीला तो लावणं म्हणजे पोळीचा दर ताटाच्या आकारावर लावणं. सिम्युलेशनमध्ये एक खोबण एका मिनिटाच्या आसपास दिसते, बारा खोबणींना बारा-पंधरा मिनिटं. पण चार पाय, प्रत्येकी दोन तोंडं, म्हणजे आठदा मशीनवर आवळून बांधायचं आणि शून्य घ्यायचं. पाच मिनिटं धरली तरी चाळीस. पैसे खरं तर बांधणीचे असतात. म्हणून चारही पाय एकाच वेळी बेडवर शेजारी टेकतील अशी आडवी-उभी टेकण लावून घ्या. दोन बांधण्यांत आठ तोंडं होतात आणि दर तासाचा असला तरी परवडतो.

आरपार सांध्याची पाचर मशीनवाल्याला आधी समजावून सांगावी लागते. मधली पट्टी आखूड पट्टीतून 45 मिमी बाहेर येते आणि त्या भागात पाचरीचं भोक. हे भोक आखूड पट्टीच्या तोंडाच्या दीड-दोन मिलिमीटर आत सुरू व्हायला हवं, नाहीतर पाचर ठोकली तरी सांधा ओढला जात नाही, नुसती पाचर भोकात रुतते. भोकापुढं टोकाकडं किमान 25 मिमी लाकूड ठेवा, कमी ठेवलं तर तंतूंच्या दिशेनं तुकडा उडतो. भोकाची बाहेरची भिंत 1 ला 8 अशी तिरपी हवी; सरळ बिट ती करू शकत नाही. सरळ भोक मारून घ्या, तिरप पटाशीनं. पाचर उभी बसवली तर लाकूड आकसल्यावर ती आपल्या वजनानं खाली सरकून सांधा पुन्हा आवळते.

कृष्णाकाठच्या घरांना या पाचरीचा वेगळा उपयोग आहे. 2005, 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना फुगलेल्या प्लायच्या दिवाणाचं काय होतं हे सांगायला नको. मधली पट्टी सरसाशिवाय बसवली आणि दोन्ही टोकांच्या चौकटी वेगळ्या ठेवल्या, तर बाकडं मोगरीच्या चार ठोक्यांत सुटतं आणि माडीवर जातं. त्यासाठी वरच्या लांब पट्ट्याही पायांत सरसानं न डकवता कुसवात आडवी लाकडी खुंटी घालून बसवाव्यात. जिथं सरस लागतोच, तिथं साधा पांढरा सरस नको, पाण्याला टिकणारा मरीन घ्या.

बसायची फळी मात्र कुठंही घट्ट डकवायची नाही. सागवान ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत, वार्षिक वलयांच्या दिशेनं, सुमारे 5.8 टक्के आकसतं. इतर लाकडांच्या मानानं हे कमी आहे, पण शून्य नाही. उन्हाळ्यात 9 टक्के ओल असलेली 350 मिमी रुंद फळी पावसाळ्यात 14 वर गेली, तर ती सुमारे 3.4 मिमी फुगते. सांगलीतून महाबळेश्वरला पाठवायचं बाकडं असेल तर आणखी जास्त धरा. पट्ट्यांच्या आतल्या अंगाला लाकडी बटणांसाठी (फळी धरून ठेवणारे, पण तिला सरकू देणारे ठोकळे) खाचा मशीनवरच करून घ्या, बटणाच्या जिभेला पुढं-मागं 4 मिमी जागा सोडून.

आणि हीच ओल खोबणीच्या मापालाही लागू आहे. वखारीतून आणलेलं लाकूड ओल मोजायच्या मीटरवर 12 च्या आत येईपर्यंत फाइल मशीनवर नेऊ नका. कापून आणल्यावर पाय एका जागी आणि पट्ट्या दुसरीकडं पडून राहिल्या, पाय पत्र्याच्या शेडमध्ये आणि पट्ट्या ओल्या भिंतीला, तर 0.15 ची फट कुणाच्याच हातात राहत नाही. सगळे भाग एकत्र, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आठवड्याच्या आत जोडा. जून उजाडला असेल तर दोन दिवसांत.